माहेराहून आलेली पत्रं

दरवर्षी तीन जानेवारीला, सावित्रीबाई फुल्यांच्या जयंतीला, आमच्या शाळेच्या व्हरांड्यात एकच प्रसंग व्हायचा. चौथीतली एखादी धीट मुलगी आईचं नऊवारी नेसून, ठसठशीत कुंकू लावून, काखेत पाटी घेऊन चालत यायची. दोन मुलं तिच्यावर चुरगाळलेल्या कागदाचे बोळे फेकायची. ते शेण आणि चिखल. मुलगी थांबायची, पाठ केलेलं वाक्य एका दमात म्हणायची, पिशवीतून दुसरं लुगडं काढून दाखवायची आणि पुढे निघायची. टाळ्या. मग फोटोला हार, चार मुलांची भाषणं आणि खाऊ. सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी ३१ वर्षं शिकवलं. हा प्रसंग किती वेळा बसवला, त्याची मोजदाद नाही. दर वेळी तो बघताना माझा गळा दाटून यायचा.

पण या प्रसंगातल्या सावित्रीबाई कायम पुण्याच्या असायच्या. रस्ता पुण्याचा, शेण टाकणारे पुण्याचे, शाळा बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यातली. नायगाव भाषणाच्या पहिल्या ओळीत यायचं आणि तिथेच संपायचं. ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या पोटी जन्म. पुढच्या वाक्यात १८४० सालचं लग्न. त्याच्या पुढच्या वाक्यात पुणे. जणू नऊ वर्षांची पोर बैलगाडीत बसून गेली ती गेलीच. आम्हा सातारकरांना अशा पहिल्या ओळींचा मोठा अभिमान आहे. बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९०० रोजी इथल्याच, राजवाड्यातल्या शाळेत दाखल झाले, हेही आम्ही असंच पहिल्या ओळीत सांगतो आणि पुढे जातो.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी केंद्राच्या शिक्षण परिषदेत मला सावित्रीबाईंवर वीस मिनिटं बोलायचं होतं. तेच तेच बोलायचा कंटाळा आला होता, म्हणून जुनी पुस्तकं काढून बसले. तेव्हा पहिल्यांदा त्यांची पत्रं नीट वाचली. खरं तर ती वर्षानुवर्षं छापलेली आहेत, माझ्या शाळेच्या कपाटातसुद्धा होती. जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं. तिसरं २० एप्रिल १८७७ चं, जुन्नर तालुक्यातल्या ओतूरहून लिहिलेलं, दुष्काळाचं. पण पहिली दोन, १० ऑक्टोबर १८५६ आणि २९ ऑगस्ट १८६८ या तारखांची, नायगावहून लिहिलेली आहेत. म्हणजे बारा वर्षांच्या अंतरानं दोन वेळा त्या माहेरी होत्या आणि दोन्ही वेळा तिथे असं काही घडलं, की पुण्याला कळवल्याशिवाय त्यांना राहवलं नाही.

माहेरवाशिणीला गाव एकेरीतच हाक मारतं. तेव्हा माहेरच्या गोष्टीपुरती मीही सावित्रीच म्हणते.

१८५६ साली सावित्री पंचवीस वर्षांची होती. तोवर तिच्या आयुष्यात इतकं काही घडून गेलं होतं की पंचवीस हा आकडा वाचताना मी दोनदा वजाबाकी केली. लग्नात तिला अक्षरओळख नव्हती. सांगतात, की लहानपणी शिरवळच्या बाजारात एका मिशनऱ्यानं तिला पुस्तक दिलं, वडिलांनी ते फेकून दिलं आणि तिनं ते गुपचूप उचलून जपून ठेवलं. लग्नानंतर सासरी नेलं. पुस्तक आधी आणि वाचता येणं नंतर. जोतीरावांनी तिला आणि त्यांना लहानपणी सांभाळलेल्या सगुणाबाईंना शिकवलं. मग सावित्रीनं शिक्षिका होण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं, अहमदनगरला सिंथिया फेरारबाईंच्या संस्थेत आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये. ही गोष्ट मला शिक्षिका म्हणून फार जवळची वाटते. आपण 'पहिल्या शिक्षिका' म्हणतो, पण त्याआधी ती एक लग्न झालेली, मोठी झालेली मुलगी होती आणि पुन्हा विद्यार्थिनी होऊन बाकावर बसली होती. शिकवायला मन चांगलं असून भागत नाही, कसब लागतं आणि ते शिकून घ्यावं लागतं, हे तिला आणि जोतीरावांना त्या काळी कळलं होतं. डी.एड.च्या वर्षात पाठ घेताना माझे पाय थरथरायचे, ते आठवतं.

१८४८ साली शाळा निघाली. त्याच वर्षी इंग्रजांनी साताऱ्याचं राज्य खालसा केलं. सावित्री जन्मली तेव्हा गादीवर प्रतापसिंह महाराज होते. तिच्या लग्नाच्या आदल्या वर्षी त्यांना पदच्युत करून काशीला धाडलं. आणि ती सतरा वर्षांची होऊन मुलींना अक्षरं गिरवायला शिकवू लागली, तेव्हा ते राज्यच उरलं नाही. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. तरी सातारची बाई म्हणून मला त्या शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. एकीकडे जुनं सगळं कोसळत होतं आणि त्याच सुमारास आमच्या मुलखातली एक पोर सहा मुलींसमोर उभी राहत होती.

१८४९ साली सासऱ्यांनी सांगितलं, शाळा सोडा नाहीतर घर सोडा. दोघांनी घर सोडलं. जोतीरावांचे मित्र उस्मान शेख यांनी आसरा दिला. त्यांच्या घरच्या फातिमा शेख सावित्रीबरोबर शिकवू लागल्या. १८५१-५२ मध्ये पुण्यात मुलींच्या आणखी शाळा निघाल्या: चिपळूणकरांच्या वाड्यात, रास्ता पेठेत, वेताळ पेठेत. १८५४ साली 'काव्यफुले' हा तिचा कवितासंग्रह छापला गेला. १८५५ साली तिच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदया'त आला. शिकवून सात वर्षं होताहेत आणि विद्यार्थिनी असं लिहू लागली आहे! ३१ वर्षांत माझ्या वर्गातून तसा एक निबंध आला नाही. मुली हुशार होत्या. तसा प्रश्न मीच वर्गात कधी विचारला नव्हता.

एवढं करून ती आजारी पडली आणि माहेरी आली.

पत्राची सुरुवात घरगुती आहे. तब्येत बरीच वरखाली झाली, आता ठीक आहे. भावानं या दुखण्यात फार कष्ट घेतले, सेवा केली. पूर्ण बरी झाले की पुण्याला येईन. आणि मग फातिमाची आठवण: तिच्यावर सगळा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. या एका ओळीपाशी मी बराच वेळ थांबले होते. आजारी रजेवर गेलेल्या शिक्षिकेला पहिली काळजी असते, आपला वर्ग कोण बघत असेल. द्विशिक्षकी शाळेत दिवस काढलेल्या कोणाही बाईला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

मग पत्र वळतं. ज्या भावानं सेवा केली, तोच भाऊ आजारातून उठलेल्या बहिणीला सुनावतो: तुला आणि तुझ्या नवऱ्याला वाळीत टाकलं ते योग्यच आहे, महारा-मांगांसाठी तुम्ही जे करता ते कुळाला बट्टा लावणारं आहे, जातीच्या रूढीप्रमाणे वागावं, भटजी सांगतील ते ऐकावं. हे ऐकून आईचा जीव कासावीस होतो.

आता इथे सावित्रीनं गप्प बसावं, असं त्या घरातल्या प्रत्येक वस्तूला वाटत असणार. अंगात ताकद नाही, ज्याच्या हातची पेज प्यायली त्याच्याशी काय बोलायचं, आईला त्रास होतोय, चार दिवसांनी निघायचंच आहे. आपल्याकडे माहेर या शब्दाभोवती इतकी माया आहे, जात्यावरच्या ओव्यांपासून आजवर, की माहेरी वाद घालणं हे पापच वाटतं. सासरी भांडावं लागतं, ते नशीब. माहेरी भांडली, तर मग जायचं कुठं?

सावित्री बोलली. ती भावाला म्हणाली, तू गाय-शेळी जवळ घेतोस, कुरवाळतोस. नागपंचमीला विषारी नाग धरून दूध पाजतोस. आणि तुझ्याआमच्यासारख्या माणसांना मात्र अस्पृश्य मानतोस, याचं कारण सांग. सोवळ्यातला भटजी तुलाही शिवून घेत नाही, तेव्हा त्याच्या लेखी तू कोण असतोस?

नागपंचमीचा दाखला वाचून मी चमकले. हा पुस्तकातला युक्तिवाद नाही. हा आमच्या भागातल्या बाईचा युक्तिवाद आहे. शेजारच्या सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा नागपंचमीसाठी केवढं प्रसिद्ध! नागाला भाऊ मानून त्याच्या नावानं उपास धरणाऱ्या बायकांच्या मुलखात ती भावाला विचारतेय, की नागाला दूध चालतं तर माणसाला पाणी का नाही? तिनं पुण्याहून शिकून आणलेलं भावाच्या अंगणातल्या गोष्टींत घालून त्याला दाखवलं. हेच तर शिकवणं.

पुढे पत्रात भावाचा चेहरा उतरतो, आणि तो विचारतो, मग या लोकांना तुम्ही शिकवता ते कशासाठी? त्यावर ती त्याला विद्येबद्दल सविस्तर सांगते, शिक्षण नसलं की माणसाचा पशू होतो, म्हणून जोतीराव हे काम करतात, त्यात पाप कसलं? आईच्या डोळ्यांत पाणी येतं, तिला पश्चात्ताप होतो. पुण्यात आपल्याविरुद्ध पेरलेलं विष इथवर पोचलंय, पण आपण घाबरून हातातलं काम का सोडायचं, असं नवऱ्याला लिहून ती पत्र संपवते.

परिषदेत मी हे सगळं सांगितलं. माझं भाषण चांगलं झालं. केंद्रप्रमुखांनी नाव घेऊन कौतुक केलं, दोन नव्या शिक्षिका झेरॉक्स मागायला आल्या. घरी येऊन चहा ठेवला आणि गॅससमोर उभी असतानाच मला रडू फुटलं. कारण ते घर, तो भाऊ आणि गप्प बसण्यासारखी ती वेळ, हे सगळं मी पाहिलेलं होतं. फरक इतकाच, की मी बोलले नव्हते.

माझं माहेर कोरेगाव तालुक्यातलं. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले. मला डी.एड.ला नंबर लागला, तेव्हा दादानं स्वतःची पंधरावी अर्धवट सोडून म्हशी वाढवल्या आणि दुधाच्या पैशातून माझी फी भरली. माझे मालक दवाखान्यात होते, तेव्हा एकोणीस रात्री तो व्हरांड्यातल्या बाकावर झोपला. असा भाऊ. तो वाईट माणूस असता, तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

अकरा वर्षांपूर्वी त्याच्या मुलीचं, माझ्या भाचीचं, लग्न ठरलं. ती बारावीत होती. दहावीला ७८ टक्के मिळवून तालुक्याच्या कॉलेजात जात होती. एसटीचा पास होता, त्यामुळे जाण्यायेण्याचा खर्चही फारसा नव्हता. पण शिरवळच्या एमआयडीसीत कायम असलेल्या मुलाचं स्थळ चालून आलं. अठरा पूर्ण व्हायला तिला सात महिने अवकाश होता. परीक्षेला दीड महिना.

सुपारी फुटायच्या आदल्या रात्री स्वयंपाकघरात भाचीनं माझा पदर धरला.

"आत्या, तू बोल ना पप्पांशी. तुझं ऐकतील ते."

मी म्हणाले, "बघते."

बघितलं नाही. दादा ओसरीवर पाहुण्यांची यादी करत बसला होता. मी जाऊन शेजारी बसले. त्यानं यादी पुढे केली, कोण राहिलं का बघ म्हणाला. मी दोन नावं सांगितली. एवढंच. वहिनी दारात उभी होती, ती माझ्याकडे बघत होती हे मला आजही दिसतं.

आमची आई म्हणायची, लेकीनं माहेरी चार दिवस गोड खावं, गोड बोलावं आणि वाटेला लागावं. माहेरची वाट आपल्या तोंडानं बंद करू नये. मी ते ऐकलं. शिवाय दुधाच्या पैशांची फी आणि एकोणीस रात्री. कायदा मला पाठ होता. शाळेच्या भिंतीवर 'अठराच्या आत लग्न नको' असं माझ्याच अक्षरात रंगवलेलं होतं. त्या माघात लग्न झालं. त्याच्या महिनाभर आधी, तीन जानेवारीला, मी व्हरांड्यात तो प्रसंग बसवला होता, बोळे फेकणाऱ्या मुलांना नेम कसा धरायचा तेही दाखवलं होतं.

दुसऱ्या पत्राबद्दल परिषदेत बोलायला वेळ उरला नव्हता. ते मी नंतर पुन्हा पुन्हा वाचलं. १८६८ चा श्रावण-भाद्रपद. सावित्री आता सदतीस वर्षांची. गावोगाव पंचांग सांगत फिरणारा गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण नायगावात येतो; तिथल्या शारजा नावाच्या महार मुलीशी त्याचं प्रेम जुळतं; तिला सहावा महिना लागतो. गावाला कळतं. लोक दोघांना धरतात, मारतात, मारून टाकायच्या इराद्यानं गावातून फिरवतात. ही बातमी कानावर येताच सावित्री धावत तिथे जाते.

तिनं तिथे भाषण दिलं नाही. तिनं लोकांना सरकारच्या कायद्याची भीती घातली, खून केलात तर परिणाम काय होतील ते सांगितलं. जमाव वरमला. मग दोघांनी गाव सोडावं अशी अट आली, ती दोघांनी मान्य केली. सावित्रीनं त्यांना जोतीरावांकडे पुण्याला पाठवून दिलं आणि तसं पत्रात कळवलं.

इथे तिची हुशारी मला वेगळीच दिसते. भावापुढे तिनं समजूत घातली, जमावापुढे कायदा ठेवला. आईजवळ बसून विद्येचं मोल सांगायला अर्धा दिवस मिळतो. हातात काठ्या घेतलेल्या माणसांपुढे अर्धं मिनिट असतं. आणि पोटुशा मुलीला कुठे पाठवायचं, याचा तिला विचारही करावा लागला नसेल. पाच वर्षांपूर्वीच, १८६३ साली, पुण्यात तिच्या राहत्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झालं होतं. फसवलेल्या, पोट वाढलेल्या विधवांची बाळंतपणं त्या घरात होत होती. पुढे १८७४ मध्ये अशाच एका विधवेचा, काशीबाईचा मुलगा या दोघांनी दत्तक घेतला, तो यशवंत. त्यामुळे शारजाला बघितल्यावर गावाला पाप दिसलं असेल, सावित्रीला सहावा महिना दिसला.

ते गाव तिचं माहेर होतं. वडील पाटील. काठ्या घेतलेल्यांत चुलते-मालते असणार, लहानपणी तिला खांद्यावर घेतलेली माणसं असणार. पुण्याच्या रस्त्यावर परक्यांचं शेण झेलणं अवघड आहेच. पण नात्यातल्या माणसाच्या वाटेत उभं राहणं मला त्याहून अवघड वाटतं, आणि म्हणूनच तीन जानेवारीच्या प्रसंगात नायगावची ती धाव असायला हवी होती. मी ती कधी बसवली नाही.

गेल्या मार्गशीर्षात मी नायगावला गेले. तीन जानेवारीला तिथे मंत्री येतात, गर्दी असते. मला साधा दिवस हवा होता. खंबाटकीचा घाट आणि खंडाळा ओलांडून एसटीनं शिरवळला उतरले. भाची तिथेच राहते. स्कूटीवर घेऊन जाते म्हणाली. वाटेत तिनं तिच्या मुलीच्या शाळेचं सांगितलं. मुलगी तिसरीत आहे. "तिचं गणित मला येतं गं अजून," भाची म्हणाली, "पाचवी-सहावीला गेली की काय करणार?"

सावित्रीचं घर जतन करून ठेवलंय. जाड भिंती, लाकडी खांब, आत गेलं की एकदम गारवा. दुपारची वेळ, आमच्याशिवाय एक म्हातारं जोडपं होतं, तेही निघून गेलं. मी पिशवीतून पत्रांची झेरॉक्स काढली.

"इथंच आजारी होती का ती?" भाचीनं विचारलं.

मी पहिलं पत्र वाचून दाखवलं, सगळं. नागपंचमीपर्यंत आले तेव्हा आवाज नीट लागेना, तरी पुरं केलं. मग मी तिला म्हणाले, की त्या रात्री मी पप्पांशी बोलले नाही. बघते म्हणाले आणि बोलले नाही. माझं चुकलं. अकरा वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं.

ती बराच वेळ खांबाला टेकून उभी होती. मग म्हणाली, "तुझा राग नव्हता आला, आत्या. मला वाटलं, एवढी शिकलेली बाई, नोकरी करती, तिलाबी बोलता येत नसंल, तर मग शिकून करायचं काय? म्हणून मग मी पण हट्ट केला नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मी ३१ वर्षं मुलींना वाचायला, लिहायला, भागाकार करायला शिकवलं, आणि माझ्याच घरातली एक मुलगी माझ्याकडे बघून हे शिकली. सावित्रीच्या त्या पत्रात तिची आई शेवटी रडते. आपली मुलगी काय शिकली, हे आईला तिच्या शाळेतून कळलं नाही, पुण्याला ती कधी गेलीही नसेल. घरात, भावासमोर लेक बोलली त्यातून कळलं.

पुढचं मोठं आयुष्य इथे सांगत बसत नाही. १८७३ चा सत्यशोधक समाज, १८९० मध्ये जोतीरावांच्या अंत्ययात्रेत स्वतः टिटवं, म्हणजे अग्नीचं मडकं, धरून चालणं, १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या गायकवाडांच्या पोराला पाठीवर घेऊन यशवंतच्या दवाखान्यात पोचवणं आणि त्याच साथीत १० मार्चला जाणं, हे शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे. एवढंच मनात येतं, की मडकं हातात धरून चालताना काय किंवा पाठीवर पोर घेताना काय, तिला नवं धाडस गोळा करावं लागलं नसेल. ज्या बाईनं भावाशी बोलण्याचं धाडस एकदा केलं, तिला पुढची धाडसं थोडी ओळखीची झाली असतील.

आमच्या साताऱ्यानं अशी आणखी एक बाई पाहिली आहे, रयत शिक्षण संस्थेच्या लक्ष्मीबाई पाटील. कर्मवीर अण्णांच्या वसतिगृहातल्या मुलांच्या तोंडात घास पडावा म्हणून त्यांनी अंगावरचं सोनं मोडलं, मंगळसूत्रसुद्धा दिलं. मी रयतच्या शाळेत शिकले. तिथे फोटोला आम्ही रोज नमस्कार करायचो. मंगळसूत्र देणं म्हणजे काय, हे तेव्हा समजायचं वय नव्हतं. आपल्या माणसांचा, भावकीचा, चारचौघींचा विरोध सोसल्याशिवाय त्या काळी कुठल्या बाईचं मंगळसूत्र गळ्यातून निघालं असेल?

नायगावहून परतताना शिरवळच्या स्टँडसमोर आम्ही चहा घेतला. भाची म्हणाली, सतरा नंबरचा फॉर्म अजून भरता येतो का? बारावीला बाहेरून बसायचा फॉर्म. मी म्हणाले येतो. तिनं तो भरला. जावईबापू काही म्हणाले नाहीत. रात्रपाळी करून आल्यावर त्यांनी स्वतः तिची दहावीची सनद लॅमिनेट करून आणली. सध्या ती रात्री अकरानंतर अभ्यासाला बसते. आठवड्यातून दोनदा मला फोन येतो. परवा अर्थशास्त्रातली मागणीची लवचीकता विचारत होती. मला येत नव्हतं. दोघींनी मिळून शोधलं.

दादाला हे अजून कुणी सांगितलेलं नाही. भाचीचं म्हणणं, निकाल लागल्यावर सांगू. वहिनीला मात्र तिनं सांगितलं. वहिनी चौथीपर्यंत शिकलेली आहे. गेल्या रविवारी तिचा फोन आला. एकदम हळू आवाजात बोलत होती, गोठ्यामागं उभी असणार.

"ताई, तुम्ही पोरीला त्या घरात जे वाचून दावलं, ते मला वाचायला मिळंल का? बारीक अक्षर दिसत नाही मला."

निकालापर्यंत थांबायचं नाही, असं मी ठरवलं आहे. या भाऊबीजेला दादाशी बोलणार आहे: ती परीक्षा देतेय हे, आणि अकरा वर्षांपूर्वी जे बोलायला हवं होतं तेही. तो रागावेल. कदाचित ताटावरून उठेल. त्याच्या एकोणीस रात्री मी विसरलेली नाही. सावित्रीच्या पत्रातही भावाची सेवा आधी आहे आणि वाद नंतर, तोच क्रम मी धरणार आहे.

नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्या पोराला पहिल्या पत्राची पानं दिली आणि मोठं करून दे म्हणाले. त्यानं विचारलं, किती मोठं? मी म्हणाले, माझ्या वहिनीला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं. दोन पानांची पाच झाली. ती दुमडून ओवाळणीच्या पिशवीत तळाशी ठेवली आहेत.